आईचा हात रात्री बधिर होतो, मानेचा एमआरआय झालाय, आता एनसीव्ही (नसेचा वेग मोजायची टेस्ट) सांगितलीय. नस नक्की दबलीय कुठे?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न आईबद्दल आहे. वय ५४, सांगलीजवळच्या गावात असते, घरीच ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं करते, लग्नसराईत तर मशीनवरून उठतच नाही. शुगर आहे, गोळी चालू आहे. गेल्या दिवाळीपासून उजव्या हाताला मुंग्या येतायत. आधी कधीतरी यायच्या, आता रोज रात्री दोन-अडीचला जाग येते, उठून हात झटकत बसते, कधी कॉटवरून खाली सोडून ठेवते मग जरा बरं वाटतं म्हणते. कळ कधी कोपरापर्यंत तर कधी पार खांद्यापर्यंत चढते. आता सुईत दोरा ओवणं, हूक लावणं जमेनासं झालंय, परवा हातातून चहाचा कप सुटला. मानही धरलेली असते, पण ती काय, मशीनवर वाकून वाकून कितीतरी वर्षं धरलेलीच आहे.

तर आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. मान दुखते म्हटल्यावर मानेचा एमआरआय झाला. रिपोर्टात सी ५-सी ६ आणि सी ६-सी ७ ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये, गादी सरकलीय, नसेच्या मुळावर दाब आहे असं लिहिलंय. मानेचा पट्टा, ट्रॅक्शन, बी-१२ ची इंजेक्शनं, रात्रीची एक गोळी असं सगळं झालं. मान थोडी मोकळी झाली पण हात आहे तिथेच. वर "नाहीच फरक पडला तर ऑपरेशनचा विचार करू" हे ऐकल्यापासून आईने धसकाच घेतलाय.

मग मामेभावाने सुचवलं म्हणून मिरजेत एका फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनच्या (पीएमआर) डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एमआरआयची फिल्म आधी बाजूलाच ठेवली आणि बराच वेळ नुसता हात तपासत बसले. बोटाबोटाला कापूस लाव, टाचणी टोचव, मनगट दुमडून धरायला लाव, अंगठा वर उचलून दाबून बघ. दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून अंगठ्याखालचा उंचवटा दाखवला, उजवीकडचा खरंच बसल्यासारखा दिसतोय, आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणाले मानेत थोडंफार असेल पण मुख्य दाब मनगटात वाटतोय, दोन्ही हातांची एनसीव्ही आणि सोबत ईएमजी (स्नायूत सुई घालून करायची टेस्ट) करून या.

आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. मावशी म्हणते करंट देतात नि सुया टोचतात, शुगरच्या माणसाला कशाला ते. बाबा म्हणतात एवढा महागाचा एमआरआय मान म्हणतोय आणि हे मनगट म्हणतायत म्हणजे दोघातलं कुणीतरी चुकतंय. मला एवढंच विचारायचंय की नस मानेत दबलीय की मनगटात हे ठरवतात कसं? टेस्ट गरजेची आहे का? आणि हे पीएमआरवाले म्हणजे फिजिओथेरपिस्टच का?

ओपीडीनंतर:

मी याच विषयात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी शेवटचा प्रश्न. पीएमआर ही एमबीबीएसनंतरची तीन वर्षांची एमडी किंवा डीएनबी असते, फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम वेगळा. आमच्यात डॉक्टर निदान करतो, औषध-इंजेक्शन देतो, स्प्लिंट लिहून देतो आणि फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याबरोबर मिळून काम करतो. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून या विषयाची केंद्र सरकारची संस्था आहे, तरी अजून निम्मे पेशंट "मालिश इथेच का" विचारत आत येतात, असो.

आता बाबांचं म्हणणं. चुकत कुणीच नाहीये. एमआरआय गादी कशी दिसतेय ते सांगतो, त्रास त्याच गादीने होतोय का हे त्याला सांगता येत नाही. जपानमध्ये मानेची काही तक्रारच नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते, २०१५ ला छापून आलंय, त्यात ८७.६ टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. विशीतल्या पोरापोरींमध्येसुद्धा चारातल्या साधारण तिघांची. म्हणजे ५४ वर्षांच्या, आयुष्यभर मशीनवर वाकलेल्या बाईचा मानेचा एमआरआय एकदम कोरा आला असता तरच मला आश्चर्य वाटलं असतं.

मग ठरवायचं कसं, तर शेतात पाटाचं पाणी कुठे फुटलंय ते शोधतात तसं, कुठल्या वाफ्याला पोचतंय आणि कुठला कोरडा राहिलाय ते बघत मागे मागे जायचं. हाताच्या नसांचे वाफे ठरलेले आहेत. मनगटातून जाते ती मीडियन नस, ती अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू अल्नर नसेकडे. त्यामुळे आईला डोळे मिटायला सांगून अनामिकेच्या दोन्ही कडांना कापूस फिरवा, एका कडेला कमी आणि दुसऱ्या कडेला नीट लागत असेल तर गडबड मीडियन नसेतच आहे असं धरायला हरकत नाही, मानेतून येणारी बधिरता असं एकाच बोटाचे दोन भाग सहसा करत नाही.

दुसरी गंमत तळहाताची. तळव्याच्या मधल्या भागाला संवेदना देणारी मीडियन नसेची छोटी फांदी मनगटाच्या वरच फुटते आणि मनगटातल्या बोगद्याच्या (कार्पल टनेल, मुख्य मीडियन नस यातूनच जाते आणि इथेच दबते) आत न शिरता बाहेरून जाते. म्हणून मनगटात दाब असेल तर बोटं बधिर पण तळवा ठीक असं चित्र दिसतं. तळवा पण बधिर असेल तर दाब आणखी वर कुठेतरी आहे का असा विचार करावा लागतो.

मानेतली सहावी नस दबली तर तीही अंगठा आणि पहिल्या बोटातच मुंग्या आणते, घोळ होतो तो इथेच. पण तिथे मान मागे आणि त्याच बाजूला वाकवून डोक्यावर हलका दाब दिला की कळ हातात उतरते, दंडाचा स्नायू कमजोर पडतो, कोपराजवळचा रिफ्लेक्स मंद होतो. सातवी दबली तर मधलं बोट आणि कोपर सरळ करायची ताकद. आणि रात्री उठून हात झटकल्यावर बरं वाटणं ही गोष्ट जास्त करून मनगटाच्या खात्यात जाते, मानेच्या नाही. कळ खांद्यापर्यंत चढते म्हणून मानच असणार हेही खरं नाही, मनगटातल्या दाबाची कळ वर चढलेली आम्ही रोज बघतो.

अंगठ्याखालचा उंचवटा बसलाय हे वाचून मात्र मला टेस्ट लवकर करून घ्या असं सांगावंसं वाटतंय. तिथला स्नायू मीडियन नसेवरच जगतो, तो सुकायला लागला म्हणजे प्रकरण नुसत्या मुंग्यांच्या पुढे गेलंय.

करंगळीचं आणि तळव्याचं बघून सांगा. आणि एक विचारायचं राहिलं, चालताना तोल जातो का, पाय कडक होतात का, लघवी धरवत नाही असं होतं का, मान खाली घातली की पाठीतून करंट उतरल्यासारखं होतं का? यातलं एकही हो असेल तर मानेतल्या मज्जारज्जूवरच दाब आहे का ते आधी बघायचं, मग मनगट थांबलं तरी चालेल.

लोकरीचा_गुंडा:

टेस्टच्या भीतीबद्दल मी सांगते, माझी झालीये, विणकामाचा नाद नडला. एनसीव्ही म्हणजे बोटाला रिंगसारख्या पट्ट्या लावतात आणि मनगटावर, कोपरावर असे छोटे छोटे झटके देतात, हात आपोआप टचकन उडतो. दुखतं म्हणण्यापेक्षा दचकायला होतं, स्वेटर काढताना चटका बसतो ना त्याच्या जरा वरचं. कोपराजवळचे झटके जास्त जाणवतात. दोन्ही हातांचं मिळून बराच वेळ चालतं ते, घाईत जाऊ नका. ईएमजीत बारीक सुई स्नायूत घालतात आणि हात हळूहळू आवळायला सांगतात, मशीनमधून खरखर आवाज येतो, हा भाग खरा नकोसा आहे पण दातांच्या डॉक्टरकडच्या इंजेक्शनपेक्षा बराच सुसह्य.

जाताना हाताला तेल, क्रीम काही लावू नका, पट्ट्या चिकटत नाहीत. बांगड्या, पाटल्या, अंगठ्या घरीच काढून जा, माझी एक पाटली निघता निघेना, शेवटी साबण लावून काढली तिथल्या बेसिनवर. आणि एसी खोलीत माझे हात गार पडले होते तर त्या टेक्निशियनने टेस्ट थांबवून आधी गरम पाण्याच्या पिशवीवर हात ठेवायला लावले. मला वाटलं लाड करतायत, मग कळलं की नियमच आहे.

खडूसकाका:

सगळं वाचलं. मला कुणी सांगेल का, मनगट दुमडून मिनिटभर धरलं, मुंग्या आल्या, रात्री हात झटकते, अंगठ्याखालचा स्नायू सुकलाय, एवढं सगळं दिसत असताना परत हजारोंची टेस्ट कशासाठी? माझ्या मेव्हण्याला आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरने नुसतं हात बघून मनगटाचा पट्टा दिला, महिना-दीड महिन्यात साफ. पूर्वीचे डॉक्टर हाताने निदान करायचे, आताचे प्रिंटआउटने. एक एमआरआय वाया गेलाच, आता ही टेस्ट, मग सोनोग्राफी, मग परत एमआरआय. मीटर चालू.

ओपीडीनंतर:

काका, अर्धं तुमचं बरोबर आहे आणि ते मी आनंदाने मान्य करतो. लक्षणं एकदम ठरलेली आहेत, ताकद चांगली आहे, दुसरा कुठला आजार नाही, अशा पेशंटला मी स्वतः रात्रीचा पट्टा देऊन काही आठवडे वाट बघतो, एनसीव्ही लगेच लिहीत नाही. मेव्हण्यांचं तसंच असणार. आणि टेस्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, खरोखर मनगटात दाब असलेल्या काही लोकांची एनसीव्ही नॉर्मल येते, विशेषतः सुरुवातीच्या अवस्थेत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तुम्हाला काही नाही, मनाचे खेळ आहेत, असं पेशंटला सांगणारा माणूस मला आवडत नाही.

पण उलट्या बाजूने हाताच्या तपासण्याही फसवतात. मनगट ६० सेकंद दुमडून ठेवायची ती फेलनची टेस्ट, मनगटावर टिचक्या मारायच्या ती टिनेलची. त्या टिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या नसा भरतायत का ते बघायला ही टिचकी वापरली होती, मनगटाच्या बोगद्याशी तिचा संबंध नंतर जोडला गेला. धडधाकट माणसाला टिचकी मारली तरी कधी कधी झिणझिण्या येतात. त्यातल्या त्यात मनगटावर अंगठ्याने ३० सेकंद थेट दाब द्यायची डरकनची टेस्ट मला जास्त भरवशाची वाटते. तरी यातली कुठलीच एकटी पुरत नाही.

आता या ताईंच्या आईचं बघा. शुगर आहे, म्हणजे सगळ्याच नसा आधीच थोड्या मंद असू शकतात. मानेचा एमआरआय खराब. मनगटाची लक्षणं. स्नायू सुकतोय, म्हणजे उद्या मनगटाच्या ऑपरेशनची वेळ येऊ शकते. आणि ऑपरेशन मानेचं की मनगटाचं हे ठरवायचंय. इथे अंदाजावर चालायला माझं मन धजणार नाही. मानेचं ऑपरेशन झालं आणि दाब मनगटातच राहिला अशी माणसं आमच्याकडे येतात हो, गळ्यावर व्रण आणि हातात त्याच मुंग्या.

टेस्ट हा पेच सोडवते कशी ते सांगतो, मला त्यातला हा भाग फार आवडतो. संवेदना वाहून नेणाऱ्या नसेच्या पेशींचा जो मूळ पुंजका असतो तो मणक्याच्या बाहेर पडायच्या जागेजवळ असतो, आणि गादीचा दाब साधारण त्याच्या आतल्या, मज्जारज्जूकडच्या बाजूला पडतो. म्हणजे मानेत नस दबली तरी पुंजक्यापासून बोटापर्यंतची तार शाबूत राहते. पेशंटला बोट बधिर लागतंय पण त्याच बोटातून घेतलेला संवेदनेचा सिग्नल मशीनवर झकास येतो. मनगटात दाब असेल तर मात्र तोच सिग्नल मनगट ओलांडताना मंदावतो, बारीक होतो. एकच बोट, तीच तक्रार, पण मशीनवर दोन अगदी वेगळी चित्रं.

शुगरमुळे सगळंच मंद असेल तर काय करायचं, तर अनामिकेला मीडियन आणि अल्नर दोन्ही नसा जातात, सारख्या अंतरावरून दोन्हीला झटका द्यायचा आणि वेळ ताडून बघायची. शुगर दोघींना मंद करेल, बोगदा फक्त मीडियनला. साधारण अर्धा मिलिसेकंद फरक निघाला तरी तो अर्थपूर्ण असतो. आणि म्हणूनच लोकरीच्या गुंड्याताईंना हात शेकायला लावले, हाताची कातडी ३२ अंशाच्या खाली गेली तर नस नुसत्या गारठ्याने मंदावते आणि चांगल्या हाताचा रिपोर्ट रोगट येतो. तुमच्या रिपोर्टवर तापमान लिहिलंय का ते बघत जा लोकहो. नसेल तर विचारा.

सुईची टेस्ट यासाठी की वेग मंद आहे म्हणजे नसेवरचं आवरण खराब झालंय, पण आतला तंतूच मरतोय का हे स्नायूत सुई घातल्याशिवाय नीट कळत नाही. आवरण काही आठवडे-महिन्यात परत येतं. तंतू मेला तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटरच्या हिशोबाने वाढतो, आणि स्नायू तोवर टिकला पाहिजे.

सोनोग्राफीला तुम्ही उगाच नावं ठेवलीत. मनगटाशी नस फुगलीय का ते तिच्यात छान दिसतं, साधारण १० चौरस मिलिमीटरच्या वर जाड असेल तर संशय घ्यायचा, झटके नाहीत, सुया नाहीत. फक्त तंतूची तब्येत तिला कळत नाही.

मावशींना सांगा, शुगरमुळे टेस्टला काही अडचण नाही. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, एवढंच.

झाडीपट्टी_फिजिओ:

डॉक्टरांनी मीडियनचं सगळं सांगितलंच आहे, मी फक्त एक भर घालतो कारण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे विसरून चालत नाही. हात बधिर म्हटलं की पुण्या-मुंबईत मान नाहीतर मनगट. आमच्याकडे त्याआधी कोपर चाचपायचं. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीत अल्नर नस बोटाखाली लागते. ती दोरीसारखी जाड लागली आणि करंगळी बधिर असली तर अंगावर कुठे फिकट, न घामणारा, न दुखणारा चट्टा आहे का ते आधी शोधतो. कुष्ठरोग. २००५ मध्ये देशपातळीवर तो सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिला नाही असं जाहीर झालं, पण रोग संपलेला नाही, नवे पेशंट येतातच. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, वेळेत मिळालं तर हात वाचतो.

एक गडी आला होता, धानाच्या बांधीत काम करणारा, पाऊल उचलत नव्हतं, चालताना पंजा घासायचा. कुणीतरी कंबरेची नस म्हणून सांगितलेलं, कंबरेला पट्टा बांधून फिरत होता. रोवणीला दिवसभर उकिडवं बसून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस हाडावर दबली असं आधी वाटलं, ते आमच्याकडे होतंच. पण नस हाताला जाडजूड लागली आणि पोटरीवर चट्टा निघाला. बिचारा चट्टा लपवत होता.

सांगलीच्या आईंचं असं काही वाटत नाही, पण निदान करणाऱ्याने चट्टा विचारावा, नसा चाचपाव्यात. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. काकांनी म्हटलेलं हाताचं निदान हेच तर आहे की.

खडूसकाका:

फिजिओसाहेब, हे पटलं. अल्नर माझी पण आहे म्हणे, फोन कानाला लावून कोपर दुमडून बसलो की करंगळी झोपते. हे पण दबणंच का?

झाडीपट्टी_फिजिओ:

हो काका, कोपर दुमडलं की नस ताणली जाते आणि तिथली जागा अरुंद होते. फोन स्पीकरवर टाका, झोपताना कोपर सरळ राहील असा टॉवेल गुंडाळून बांधा. एक बघा, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत कागद धरून कुणालातरी ओढायला सांगा, अंगठ्याचं पेर वाकवूनच कागद धरता येत असेल तर स्नायू कमजोर पडलेत, मग दाखवून घ्या. हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या मुळाशी पण बधिर असेल तर दाब कोपराकडे धरतात, कारण तिथली फांदी मनगटाच्या वरूनच निघून जाते.

कृष्णाकाठची:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. तुमच्या सांगण्याप्रमाणे कापूस फिरवून बघितला, करंगळी एकदम ठीक, अनामिकेची अंगठ्याकडची कड बधिर आणि दुसरी चांगली. तळवा ठीक. तोल, लघवी वगैरे काही नाही. बाबांना तो कापसाचा प्रयोग दाखवला तर ते स्वतःच म्हणाले टेस्ट करून टाका.

झाली टेस्ट. आई म्हणाली मावशीने उगाच घाबरवलं, सुई मात्र टोचली हं. रिपोर्टातलं मला समजलं तेवढं लिहिते. उजवी मीडियन, अंगठ्याच्या स्नायूपर्यंत पोचायला ६.१ मिलिसेकंद, कंसात नॉर्मल ४.२ च्या आत. पहिल्या बोटातला सिग्नल लहान आणि वेग ३१. अल्नर दोन्ही हातांची नॉर्मल. डावी मीडियन ४.६. पायाच्या नसा नॉर्मल. ईएमजीमध्ये अंगठ्याच्या स्नायूत फिब्रिलेशन थोडे, बाकी दंडाचे पुढचे-मागचे स्नायू, प्रोनेटर टेरेस आणि मानेचे स्नायू नॉर्मल. तापमान ३३ लिहिलंय, मुद्दाम बघितलं! आता डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोपर्यंत धीर निघत नाहीये.

ओपीडीनंतर:

तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, मी फक्त रिपोर्ट वाचून दाखवतो.

उजव्या मनगटात मीडियन नस चांगलीच दबलीय, डाव्या बाजूला सुरुवात आहे. डाव्या हाताची तक्रार नसताना तिथेही निघालं यात नवल नाही, हे बऱ्याचदा दोन्हीकडे असतं आणि ज्या हाताने काम जास्त तो आधी बोलतो. अल्नर आणि पायाच्या नसा चांगल्या आहेत म्हणजे शुगरने सगळ्याच नसा खराब केल्यात असं दिसत नाही, ही चांगली बातमी. प्रोनेटर टेरेस नॉर्मल आहे याकडे बघा, हा स्नायू कोपराजवळ मीडियन नसेवरच चालतो आणि मानेतल्या सहाव्या-सातव्या मुळाकडून येतो. तो चांगला, दंडाचे चांगले, मानेजवळचे चांगले, मग बिघाड एकट्या अंगठ्याच्या स्नायूत. मनगटाच्या खालीच सगळं गाडं अडलंय. मानेत अजिबात काही नाही अशी हमी ही टेस्ट देत नाही, नुसती संवेदनेची मुळं चिमटली असतील तर सुईला ते दिसत नाही. १९७३ मध्ये अप्टन आणि मॅकॉमस या संशोधकांनी असंही मांडलं होतं की वर थोडी दबलेली नस खाली दुसऱ्या जागी दाब कमी सोसते. कल्पना डोक्याला पटते, पुराव्याच्या बाबतीत अजून वाद आहेत. पण आईच्या हातासाठी आज मानेला हात लावायचं कारण मला तरी दिसत नाही.

फिब्रिलेशन म्हणजे काही तंतू तुटलेत. म्हणून या हातासाठी नुसता पट्टा आणि व्यायाम करत महिने घालवायला नको, बोगद्याचं छत मोकळं करायच्या छोट्या ऑपरेशनबद्दल डॉक्टर बोलतील असं वाटतं. जागा बधिर करून होतं, बहुतेक त्याच दिवशी घरी. रात्रीच्या मुंग्या बऱ्याच जणांच्या लवकर जातात, बोटाची बधिरता हळूहळू, सुकलेला स्नायू मात्र किती भरेल ते आत्ता कुणीच सांगू नये. तळव्याच्या बुडाशी दाबलं की दुखणं काही आठवडे-महिने राहतं, मशीनवर लगेच बसायचं नाही हे आधीच ठरवून ठेवा, लग्नसराईची ऑर्डर घेऊन ठेवलेली नसावी. मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन हा दुसरा मार्ग, आराम मिळतो पण बऱ्याचदा तात्पुरता, आणि शुगरवाल्यांची साखर त्यानंतर काही दिवस वर जाते, तेव्हा घरी तपासत राहायचं.

थायरॉइडची टीएसएच झालीय का? नसेल तर करून घ्या, थायरॉइड कमी असला तरी मनगटातली जागा सुजते. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) पण ताजी हवी, ऑपरेशनच्या जखमेसाठीसुद्धा लागेल.

लोकरीचा_गुंडा:

काकू लवकर बऱ्या होवोत. मशीन पायाची आहे की मोटरची? कापताना जाड कात्री वापरत असतील तर ती आधी बदला, माझ्या थेरपिस्टने पहिली बंदी कात्रीवर घातली होती.

कृष्णाकाठची:

मोटर बसवलीय मागेच, कात्री मात्र आजीच्या काळातली लोखंडी, ती सोडायला आई तयार नाही, बघते. टीएसएच उद्याच देतो. डॉक्टर, अपॉइंटमेंटपर्यंत दोन्ही हातांना मेडिकलमधला रेडिमेड मनगटाचा पट्टा रात्री लावला तर चालेल का? भावाने आणलाय पण लावल्यावर तिचा हात उलट जास्तच भरून येतो म्हणते.

ओपीडीनंतर:

लावा, पण आधी आतली पट्टी काढून बघा. दुकानात मिळतात त्या बहुतेक पट्ट्यांमध्ये धातूची पत्री वरच्या बाजूला वाकवलेली असते, मनगट मागे वळलेलं राहतं आणि बोगद्यातला दाब वाढतो. पत्री बाहेर काढून टेबलावर दाबून सपाट करा, परत घाला, मनगट अगदी सरळ रेषेत आलं पाहिजे. वेल्क्रो करकचून आवळायचा नाही, खाली एक बोट सहज शिरेल इतका सैल. बोटं पूर्ण दुमडता येतायत ना तेही बघा, पट्टा तळव्यावर फार पुढे आला असेल तर कडा मागे घ्या.

कृष्णाकाठची:

पत्री खरंच वाकडी होती! सरळ केली. आज रात्री लावून सांगते.